बीपीची गोळी आणि आठ वर्षांचं लेकरू

“भाऊ, हे तं बीपीचं औषध आहे. माह्या आईले हेच चालू आहे. पोराले कायले देऊन राहिले?”

काउंटरवर गोळ्यांचे दोन पत्ते शेजारी शेजारी ठेवून तो माणूस मला विचारत होता. एक पत्ता त्याच्या आईचा, एक आठ वर्षांच्या मुलाचा. दोन्हींवर नाव एकच, क्लोनिडिन, १०० मायक्रोग्रॅम. मुलाची चिठ्ठी चार महिन्यांपासून मीच भरत होतो. अर्धी गोळी, दिवसातून तीनदा. चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा आणि पुढची तारीख एवढंच होतं. गोळी कशासाठी आहे, किती दिवस घ्यायची आहे आणि मुख्य म्हणजे ती एकदम बंद करायची नाही, यातलं एक अक्षर नव्हतं. मी म्हणालो, “डॉक्टरांना विचारा, ते सांगतील.” बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसानं दिलेलं हे उत्तर. पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती. बाप घरी गेला आणि त्यानं गोळी बंद केली.

दुसऱ्या रात्री पोराचं डोकं ठणकायला लागलं. उलट्या, छातीत धडधड, मग भिंतीवर डोकं आपटणं. रात्री एक वाजता त्याला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं, तेव्हा त्याचा रक्तदाब त्याच्या वयाच्या मानानं खूपच चढलेला होता. दोन दिवसांत पोरगं सावरलं. बाप मला काहीच बोलला नाही, आणि मला ते जास्त लागलं. क्लोनिडिन अचानक थांबवलं की दाबून ठेवलेला रक्तदाब उसळून वर येतो, हे फार्मसीच्या पुस्तकात असतं. मला माहीत होतं. डॉक्टरांनाही माहीत होतंच. ज्याच्या हातात तो पत्ता होता, त्या माणसाला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी औषध चुकीचं दिलं होतं का? नाही. क्लोनिडिन मेंदूतल्या, शरीराला सावध ठेवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या यंत्रणेवर काम करतं. त्यानं रक्तदाब उतरतो, तसाच काही मुलांचा अतिचंचलपणा आणि अंगावर धावून जाणंही कमी होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळीला ६ ते १७ वयाच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असलेल्या मुलांसाठी २०१० मध्ये मान्यता दिली. त्याचं भावंड ग्वानफेसिन, तेही मुळात रक्तदाबाचंच, २००९ मध्ये त्याच कामासाठी मान्य झालं. आपल्याकडे डॉक्टर क्लोनिडिनकडे वळतात त्याची कारणंही समजण्यासारखी आहेत. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं नेहमीचं औषध अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत येतं, म्हणून मोजकीच दुकानं ते ठेवतात. क्लोनिडिन स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं.

जुन्या औषधाला नवं काम देण्याच्या मी विरोधात नाही, हे आधीच सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाच्या वागण्यासाठी असं औषध द्यायचं, तर ते उघडपणे द्या. कशासाठी देतोय ते लिहा, घरच्यांना सांगा, काय झालं ते मोजा आणि ते कुठेतरी नोंदवून ठेवा. हे केलं नाही, तर आपण लेकरावर प्रयोगच करतो आहोत. फक्त प्रयोगात सामील झालेल्या मुलाला नियमांनी मिळणारं एकही संरक्षण त्याला मिळत नाही, आणि त्यातून पुढच्या मुलाला उपयोगी पडेल असं काही शिकलंही जात नाही.

बालमनोरुग्णशास्त्रातली औषधं आलीच मुळी अशा आडवाटेनं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांचं एक निवासी रुग्णालय चालवत. त्या काळी मेंदूचा फोटो घ्यायचा तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढून आत हवा भरावी लागे. मुलांची डोकी त्यानंतर भयंकर दुखत. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण शिक्षक येऊन सांगू लागले की पोरं अभ्यासाला बसायला लागली आहेत. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव पाडलं. १९३७ मध्ये ब्रॅडलींनी हे छापलं: तीस मुलं, त्यांतल्या चौदा जणांच्या शाळेतल्या कामात ठळक फरक. आज एडीएचडीसाठी जी उत्तेजक औषधं वापरतात, त्यांची सुरुवात ही.

मला या गोष्टीत योगायोगापेक्षा त्यानंतरचं वागणं महत्त्वाचं वाटतं. ब्रॅडलींनी शिक्षकांचं ऐकलं, मुलं मोजली, कुणाला फरक पडला आणि कुणाला नाही ते लिहिलं. तीसपैकी सोळांमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही, हेही त्यामुळेच आज आपल्याला कळतं. आपल्याकडे असे योगायोग रोज होत असणार. इथं नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत, मेडिकलच्या म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत एखाद्या पोराला दुसऱ्याच कशासाठी दिलेल्या औषधानं अचानक शांत झोप लागत असेल. आणि ते डॉक्टरांच्या डोक्यातच राहत असेल.

न मोजल्यानं काय होतं तेही घडून गेलेलं आहे. सिक्रेटिन हे पचनसंस्थेतलं एक संप्रेरक. स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी त्याचं इंजेक्शन देत. १९९८ मध्ये बातमी आली की तपासणीसाठी हे इंजेक्शन दिलेली ऑटिझमची तीन मुलं बोलायला, नजरेला नजर द्यायला लागली. अमेरिकेत पालकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी नीट चाचणी झाली. काही मुलांना सिक्रेटिन दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी, आणि कोणाला काय दिलं हे पालकांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. फरक दोन्हीकडे सारखाच निघाला. पाणी टोचलेल्या मुलांच्या घरच्यांनाही सुधारणा दिसली होती. आणि हा निकाल सांगितल्यावरही त्या पालकांपैकी ६९ टक्के म्हणाले की आम्हाला हे औषध अजूनही हवं आहे.

या आकड्यावर मी किती वेळा थांबलो असेन. ते पालक अडाणी नव्हते. ज्या आईनं सहा वर्षं “आई” हा शब्द ऐकलेला नाही, तिला पाण्यातही आशा दिसणार. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सरकारनं ल्युकोव्होरिनबद्दल घोषणा केली. कर्करोगाच्या उपचारात मिथोट्रेक्सेटसोबत देतात ते हे औषध. त्यानंतर आठवडाभरात माझ्या काउंटरवर तीन घरांतली माणसं मोबाइल पुढे करून उभी होती. घोषणा खरं तर मेंदूला फोलेट हे जीवनसत्त्व कमी पडण्याच्या एका विशिष्ट स्थितीबद्दल होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आली तोवर ती “ऑटिझमची गोळी सापडली” अशी झालेली होती. तिघांनाही मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून परत पाठवलं. एका बापाचे डोळे भरून आले. असल्या वेळी कायदा आपल्या बाजूनं असूनही आपण काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं.

मोठ्यांमध्ये चाललं म्हणून लहानांत चालेल, हा दुसरा भ्रम. एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन हे छातीतला कफ पातळ करणारं आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून दिलं जाणारं जुनं औषध आहे. स्वतःचे केस उपटण्याच्या विकारात ते मोठ्या माणसांना उपयोगी पडतं असं २००९ च्या चाचणीत दिसलं: पन्नास जण, औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के सुधारले, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्के. तेच औषध २०१३ मध्ये ८ ते १७ वयाच्या ३९ मुलांना देऊन पाहिलं, तर खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. विकार तोच, औषध तेच, वय वेगळं. लघवी वाढवणाऱ्या ब्युमेटॅनाइडबद्दल ऑटिझममध्ये अशीच मोठी आशा होती. त्याच्या दोन मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये गुण दिसत नाही म्हणून थांबवल्या गेल्या.

आणि नीट मोजलं की काय हाती लागतं? रिस्पेरिडोन मुळात स्किझोफ्रेनियाचं औषध. ऑटिझम असलेल्या मुलांच्या तीव्र चिडचिडीवर आणि आक्रमकपणावर त्याची चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. १०१ मुलं, आठ आठवडे. औषध मिळालेल्या मुलांपैकी ६९ टक्के सुधारली, खोटी गोळी मिळालेल्यांपैकी १२ टक्के. हा फरक खरा आहे, मोठा आहे. पण त्याच कागदावर हेही आहे की औषध घेणाऱ्या मुलांचं वजन त्या आठ आठवड्यांत सरासरी २.७ किलोनं वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ किलोनं. २००६ मध्ये अमेरिकेत या वापराला रीतसर मान्यता मिळाली ती हे दोन्ही आकडे समोर ठेवून. आता आईला सांगता येतं: चिडचिड बरीच कमी होण्याची शक्यता आहे, भूक वाढेल, दर महिन्याला वजन करा. त्याच औषधाची दुसरी बाजूही आहे. मान्यता नसलेल्या वापरासाठी, मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी, त्याचा प्रचार केल्याच्या आरोपांसह इतर प्रकरणं मिटवायला जॉन्सन अँड जॉन्सन २०१३ मध्ये अमेरिकेच्या सरकारला दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यायला कबूल झाली.

म्हणजे नफा असेल तिथं कंपनी पुराव्याच्या पुढे धावते. नफा नसेल तिथं ती जागची हलत नाही. क्लोनिडिनचं पेटंट कधीच संपलं. मुलांच्या वागण्यासाठी दिली जाणारी इतर जुनी औषधं, प्रोप्रानोलोल, अ‍ॅमँटाडिन, एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन, सगळ्यांचं तेच. दहा कंपन्या बनवतात, पत्ता काही रुपयांना जातो. त्याची मुलांवर चाचणी करायला कोण पैसा घालेल? कोणी घालणार नाही, आणि म्हणून हे काम सरकारी रुग्णालयांचंच आहे.

इथं कायदा अडवतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत जुन्या औषधाचा नवा वापर बाजारात आणायचा असेल तर ते नवीन औषधच धरलं जातं, हे खरं. पण त्याच नियमांत शैक्षणिक चाचणीसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. औषध आधीच मान्य असेल, अभ्यास फक्त ज्ञानासाठी असेल आणि नैतिकता समितीनं मंजुरी दिली असेल, तर नव्या वापरासाठी, नव्या मात्रेसाठी चाचणी करायला दिल्लीतल्या केंद्रीय औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांसाठीच उघडलेलं हे दार आहे.

नागपूरइतकं त्याला योग्य शहर मला दिसत नाही. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स आणि १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय, ज्याच्या चौकाला ऑटोवाले अजून पागलखाना चौकच म्हणतात, असं सगळं एका शहरात आहे. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची आणि वर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटची लेकरं इथंच येतात. चार संस्थांनी मिळून एक साधी नोंदवही सुरू केली, की मुलाच्या वागण्यासाठी मूळ कामाबाहेर दिलेलं प्रत्येक औषध, मात्रा, लक्षण, तीन महिन्यांनी काय झालं आणि बंद का केलं हे त्यात लिहायचं, तर दोन वर्षांत कुठल्या औषधाची रीतसर चाचणी करण्यासारखी आहे हे त्यातूनच दिसेल. नुसती नोंद म्हणजे पुरावा नव्हे, सिक्रेटिननं ते शिकवलं आहे. पण शोध कुठे घ्यायचा हे तरी ती सांगते.

शिवाय काही प्रश्न असे आहेत जे बोस्टनमध्ये कोणी विचारणार नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढे जातो. रिस्पेरिडोनच्या जातीच्या औषधांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची शक्ती कमी होते. टोपिरामेट हे फिट्सचं औषध रागासाठी दिलं जातं, आणि त्यानं काही मुलांना घामच कमी येतो, लहान मुलांत जास्तच. क्लोनिडिन घेणारं मूल उन्हात पाणी न पिता खेळलं तर भोवळ येऊन पडू शकतं. पत्र्याच्या खोलीत, कूलरचं पाणी संपलेल्या दुपारी या गोळ्यांचं काय होतं? याचं उत्तर विदर्भातच शोधावं लागेल. दर एप्रिलमध्ये अशी चिठ्ठी आली की मी पाणी, ताक, सावली एवढं बोलतो. चिठ्ठीवर ते लिहिलेलं मी आजवर एकदाच पाहिलं.

डॉक्टर मंडळी म्हणतील, शंभर पेशंटच्या ओपीडीत कागद कुठे भरत बसू? हे खोटं नाही. देशात लाख लोकांमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही नाही, ०.७५ असा आकडा सांगितला जातो, आणि मुलांचे म्हणून वेगळे तर त्यातले मूठभर. पण मी निबंध मागत नाही. चिठ्ठीच्या मागे चार ओळी पुरतील: हे औषध मुळात अमुक आजाराचं आहे, तुमच्या मुलाला तमुक लक्षणासाठी देतो आहे, एकदम बंद करू नका, अमुक झालं तर लगेच या. मराठीत आणि हिंदीत छापलेला शिक्का मारला तरी चालेल. दुसरं म्हणतील, एवढं सांगितलं तर लोक घाबरून औषध सोडतील. माझा अनुभव उलटा आहे. त्या बापानं औषध सोडलं ते न सांगितल्यामुळे. गुपित उघडं पडल्यासारखं त्याला वाटलं. हेच आधी कळलं असतं, तर दोन पत्ते पाहून तो आईला कौतुकानं म्हणाला असता, तुही नि नातवाची गोळी एकच आहे.

उलट टोकाची मंडळीही आहेत. मुलांना मान्यतेबाहेर एकही गोळी द्यायला बंदी करा, असं ती म्हणतात. तसं केलं तर उद्या सकाळी कितीतरी घरांत हाहाकार होईल. मुलांवर चाचण्याच कमी झाल्यामुळे असंख्य औषधांच्या वेष्टनावर मुलांचा उल्लेखच नसतो. उल्लेख नाही म्हणजे धोका आहे असं नव्हे, कुणी तपासलेलं नाही एवढंच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला होता. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत कुठलाच उपचार पोचत नाही. काटोलच्या पुढच्या खेड्यातली आई दर आठवड्याला थेरपीसाठी एसटीनं नागपूरला येऊ शकत नाही. गोळी मात्र तिच्या पिशवीतून जाते. ती गोळी तिच्याकडून काढून घेणाऱ्यानं आधी तिच्या तालुक्यात थेरपिस्ट नेमून दाखवावा.

पण गोळीच्या आधीचा एक प्रश्न राहतोच, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. लक्षण म्हणजे कोणाचा त्रास? न बोलणारं मूल कानशिलावर बुक्क्या मारतं तेव्हा त्याचा कान दुखत असू शकतो. दाढ किडलेली असू शकते, चार दिवस पोट साफ झालेलं नसतं. वर्गात कोणी छळत असतं. हे न बघता दिलेली गोळी त्याची तक्रार बंद करते, दुखणं तसंच आत राहतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनात सामील होणाऱ्या सात ते अकरा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारानंतर लेखी संमती घ्यावी लागते, पालकांच्या संमतीखेरीज. म्हणजे संशोधनात मुलाला विचारतात. रोजच्या दवाखान्यात त्याच गोळीसाठी त्याला कोणी विचारत नाही. “तुला कसं वाटतंय?” हे आठ वर्षांच्या पोराला विचारून पाहा. माझ्या दुकानात एकानं सांगितलं होतं, “काका, गोळी घेतली का पाय जड होतात.” त्याच्या आईनं ते पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्या धंद्यालाही यात हात झटकता येणार नाहीत. पाव गोळी लिहिलेली असते आणि घरोघरी आया ब्लेडनं गोळी कापतात. एक तुकडा मोठा, एक लहान, उरलेला भुगा कागदावर. रोजची मात्रा रोज वेगळी. गोळी कापायची प्लास्टिकची डबी मिळते, फार महाग नसते, ती आम्ही स्वतःहून दाखवली पाहिजे. द्रव औषध मिळत असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारलं पाहिजे. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या नंबरवर कळवता येतं, साध्या नागरिकालाही. हा नंबर मी दुकानात लावला तो २०२५ च्या ऑक्टोबरात, छिंदवाड्याची लेकरं विषारी कफ सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या वॉर्डांत मरत होती तेव्हा. तो प्रकार भेसळीचा, हा वेगळा. पण बाटलीत काय आहे आणि लेकराला काय होतंय हे जोडून बघणारं कोणीतरी लागतं, हे तेव्हा या शहरानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं.

जरीपटक्याकडून एक बाई माझ्याकडे येतात. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, ऑटिझम, रिस्पेरिडोन चालू. त्यांच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर आहे, दूध आणि सिलिंडर लिहायचं तेच. त्याच चौकोनांत त्या लाल ठिपके देतात: पोरानं मारलं की एक ठिपका, स्वतःला चावला की दोन, रात्रभर झोपला की निळी टिकली. महिनाअखेर वजन. मार्चमध्ये त्यांनी सहा महिन्यांची पानं फाडून घडी करून डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरली, म्हणे बराच वेळ बघत होते. ठिपके जानेवारीपासूनच विरळ झाले होते, वजन मात्र चढत होतं. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर मात्रा निम्मी झाली होती आणि खाली मराठीत लिहिलेलं होतं: पंधरा दिवसांनी कॅलेंडर घेऊन या.